सहीचा शेवटचा वळसा

"नाव लिहा, बाई! फसवणूक कुणी केली ते लिहिल्याशिवाय हस्तांतरण कर परत मिळणार नाही. आज शेवटचा दिवस," खिडकीपलीकडचा कारकून त्रासून म्हणाला.

ताईचे पेन कागदावर अडले... भीतीने नव्हे, संतापाने! नाव तिला ठाऊक होते. आईच्या पश्चात ज्याला तिने घास भरवून वाढवले, त्या धाकट्या भावानेच तिची खोटी सही करून तिचे घर एका दलालाच्या घशात घातले होते. आणि वर 'घरपट्टी थकली आहे' असे सांगून त्या खोट्या खरेदीखताचा हा करही तिच्याचकडून उकळला होता! त्यापायी तिने पोटापाण्याचे शिवणयंत्र विकले. सही जुळेना म्हणून न्यायालयाने खत रद्द केले. भावाचे नाव मात्र तिने तिथेही ओठांबाहेर काढले नाही.

"राहू द्या. नको मला तो कर," तिने कागद मागे सारला.

"ताई, लिही माझं नाव."

मागे भाऊ उभा होता, मान खाली घालून.

"आलास? घर गिळलंस, मशीन गिळलंस, आता तुला तुरुंगात धाडायचं पापही माझ्याच माथी मारतोस?" अवघी कचेरी वळून पाहू लागली. "माझी सही करताना बरा चालला हात! आता स्वतःची कर!"

पेन घ्यायला पुढे झालेला त्याचा हात थबकला. तिची तर्जनी ताठ होती... वाकतच नव्हती.

"हे कधी झालं?"

"तुझ्या फीसाठी रात्रंदिवस शिवत होते तेव्हा. सुई आरपार गेली. तेव्हापासून सहीचा शेवटचा वळसा मला जमत नाही. तू मात्र गोल गरगरीत काढलास... तुझ्या प्रगतिपुस्तकावर मी काढायचे तसा! घर गेलं त्याचं एवढं नाही रे... एका ताटात जेवलास, पण माझं बोट तुला कधी दिसलंच नाही!"

त्याने तिच्या हातातून पेन घेतले. डोळे पुसून तो कागदावर वाकला.

"प्रत पोलिसांकडे जाईल," कारकून हळूच म्हणाला.

"जाऊ द्या," भाऊ मान वर न करता म्हणाला.

पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडू लागला. ताईचा राग तसूभरही ओसरला नव्हता. तरी तिचे ते ताठ बोट आपसूक कागदाच्या कोपऱ्यावर टेकले, तो पहिली अक्षरे गिरवत असताना टेकायचे तसेच...

"नीट लिही," ती रडत रडत खेकसली, "वाचता आलं पाहिजे!"