भुरीला गूळ कळत नव्हता

"आणखी खोल खण, न्हायतर कुत्री उकरतील," समर्थ म्हणाला. दिपालीने पुन्हा टिकाव उचलला. बाजूला पोत्यात गुंडाळलेली तिची मांजर होती, भुरी. काल संध्याकाळी ती तिच्या पायांत घोटाळत होती.

समर्थ हा तिचा आतेभाऊ, सुट्टीत बारामतीहून निमगाव केतकीला आलेला. भुरीने विष खाल्लं, असं गुरांच्या दवाखान्यातल्या रेश्माताईंनी सांगितलं होतं. संशय शेजारच्या दादासाहेबांवर गेला, कारण भुरीने त्यांची कोंबडीची पिल्लं पळवली होती. दिपाली त्यांच्या दारात उभी राहून नको नको ते बोलून आली होती. दिपालीच्या चुलत्यावर, हिंदुरावतात्यांवर, कुणी शंकाही घेतली नाही. मक्याच्या कोठारात उंदरांसाठी औषध तेच ठेवत, पण ते सगळ्या गावासारखं गुळात कालवलेलं. भुरी तर गुळाकडे ढुंकूनही बघत नसे.

घरी परतताना समर्थ थबकला. भुरीचं एकुलतं एक पिल्लू कोठाराचं दार नखांनी ओरबाडत होतं. फटीतून सुकटीचा वास येत होता.

"कोठारात सुकट कोण खातंय गं?"

दिपालीने पिल्लाला झटकन उचललं आणि दोघं दवाखान्यात धावली. रेश्माताईंनी समजावलं, की मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, तिथली गोड ओळखायची यंत्रणाच निकामी असते. पण मांसामासळीत एक भरदार चव असते, तिला उमामी म्हणतात. मांजराची जीभ त्या चवीसाठीच घडलेली. उंदराला मात्र दोन्ही कळतात.

म्हणजे विष गुळात नव्हतंच.

तात्या ओट्यावर बसले होते. दिपालीने विचारलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"यंदा उंदीर गुळाला फसंनात, म्हणून सुकटीत कालवलं. दार लावलं असं वाटलं हुतं. सकाळी तुझं तोंड बघितलं आन सांगायला जीभ उचलंना."

"अजून कुठं कुठं ठेवलंय, तात्या?"

"ध्यानात न्हाय पोरी."

दिपालीला रडायलाही वेळ नव्हता. पिल्लाला डालग्याखाली कोंडलं, तर ते अंग आकसून निसटलं आणि थेट कोठाराकडे पळालं. समर्थने गुळाचं पाणी पुढे केलं, पण ते वास घेऊन पुढे गेलं. तेवढ्यात दिपालीने स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुकटीचं कढत पाणी निववून वाटीत आणलं. पिल्लू थांबलं, वळलं आणि घरात आलं. समर्थने दार लावून घेतलं. मग तात्यांनी एकेक पोतं हलवून विष कालवलेल्या सुकटीचे सगळे गोळे वेचले आणि लांब नेऊन पुरले.

संध्याकाळी दिपाली दादासाहेबांकडे गेली आणि चुकलं म्हणाली. त्यांनी तिला जवळ घेतलं. "मोठ्यांना जे सुचलं न्हाय, ते तुमी पोरांनी हुडकलं. पिल्लू वाचवलंत, शाबास." तात्याही मागे येऊन उभे होते. "माझ्या चुकीपायी गेली बिचारी," एवढंच ते म्हणाले, तेही सगळ्यांसमोर.

शाबासकी घेऊन दिपाली घरी आली. पिल्लाने वाटी चाटूनपुसून साफ केली होती, आणि आता ते दाराशी बसून अंगणाकडे बघत होतं. भुरी रोज याच वेळेला त्याच्याकडे परत यायची. दिपाली त्याच्याशेजारी बसली.