मूळ पान

गुगलवर शोधाच्या पहिल्या पानावर न येणारी वेबसाइट बहुतेक वेळा साध्या कारणांनी मागे असते. फोटो जड असतात, पानं उघडायला वेळ लागतो, दुसऱ्या कुठल्या साइटवर तिची लिंक दिलेली नसते. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, काही वर्षं शिकवलं, आणि आता अमरावतीत साईनगरच्या घरी बसून ही कारणं शोधून देते. कारण सापडलं नाही असं अजून झालेलं नाही. या वेळीही ते सापडलं होतं.

वेबसाइट अकोल्याच्या भगवंतरावांची होती. जठारपेठेत त्यांचं फुलांचं दुकान आहे. हार, गजरे असतात. पण खरा धंदा लग्नमंडपाच्या सजावटीचा. साइट त्यांच्या मुलीने, रश्मीने, बनवली होती. दोन वर्षांपूर्वी ती डेंग्यूने गेली. त्यानंतर साइट हळूहळू खाली जात राहिली.

“मॅडम, गुगलनं आमाले वाळीत टाकलं काय जी?” भगवंतराव पहिल्या फोनवर म्हणाले. “नागपूरवाले इथं येऊन मंडप सजवून राहिले, अन् आमी टोपल्यावरच्या माश्या हाकलून राहिलो. तुळशीच्या लग्नापर्यंत पाहतो. नाही तर हे बंद, अन् नवीन साइट.”

मागून बाईचा आवाज आला. “बंद नाही करायची. पोरीच्या हातची हाये ते.”

“हे आमची मालकीण, इंदूबाई,” भगवंतराव म्हणाले. “दुकानाची बी अन् माही बी.”

मी तपासणी सुरू केली. पानं हलकी होती, झटकन उघडत होती. मजकूर नीटस होता. रश्मीने काम मन लावून केलं होतं. मग मी कोड उघडला.

वेबसाइटच्या पानाच्या कोडमध्ये वरच्या बाजूला एक ओळ ठेवता येते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही. शोधयंत्राला ती सांगते, की या पानाला नक्कल समज, मूळ पान अमुक पत्त्यावर आहे. या साइटच्या प्रत्येक पानावर ती ओळ होती, आणि सगळ्या ओळींत पत्ता एकच. साइटचं नाव, आणि त्यापुढे ‘रश्मी’. सगळं दुकान सांगत होतं, मी खरं नव्हे, खरं तिथे आहे.

त्या पत्त्यावर मी गेले. ‘पान सापडले नाही’ एवढंच आलं.

ओळी मी काढून टाकल्या. दोन दिवसांनी त्या परत आल्या होत्या. मी पासवर्ड बदलला, पुन्हा काढल्या. पुन्हा आल्या. कुणी आत शिरल्याची नोंद सर्व्हरवर नव्हती. फाइल बदलल्याची वेळ मात्र दर खेपेला सकाळची असायची, दुकानं उघडतात त्या सुमाराची.

मी अकोल्याची एसटी धरली.

दुकान लांबट आणि थंड होतं. ओल्या गोणपाटाचा वास होता. मी पोचल्यावर शेवंतीचं एक टोपलं उतरलं. इंदूबाई खाली बसून झेंडू ओवत होत्या. मागच्या भिंतीवर रश्मीचा फोटो होता, हसरा, चष्म्यातला. गावभर ज्यांच्याकडून हार जातात, त्यांच्या मुलीच्या फोटोला हार नव्हता.

इंदूबाईंनी माझी नजर ओळखली. “हार घातला का लोक माणूस गेलंच समजते,” त्या म्हणाल्या. “मी नाही घालू देला.”

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दोघांना त्या ओळीबद्दल सांगितलं.

“पण तिथं हाये काय?” भगवंतरावांनी विचारलं.

“काही नाही. रिकामा पत्ता आहे.” मी तो लॅपटॉपवर उघडून दाखवला.

इंदूबाईंची सुई थांबली. “रिकामा कसा? मी तं रोज पायतो.”

त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. पत्ता तोच होता. मी अक्षर न् अक्षर तपासलं.

पानावर मजकूर नव्हता. एकच फोटो होता, दुकानाचा, आतून, थोडा उंचावरून. त्यात नुकतंच उतरलेलं शेवंतीचं टोपलं होतं. इंदूबाईंची पाठ होती. भगवंतरावांचं टक्कल होतं. माझी वेणी होती, आणि माझ्या मांडीवरचा लॅपटॉप. लॅपटॉपवरची अक्षरंही वाचता येत होती.

पान सापडले नाही.

मी वळून पाहिलं. भिंत होती. रश्मीचा फोटो उतरवून मी मागे पाहिलं. खिळा होता, दुसरं काही नव्हतं.

“आज तू बी आली त्यात,” इंदूबाई म्हणाल्या.

भगवंतरावांनी फोनकडे पाहिलं नाही. “मले कधी सांगितलं नाही तू.”

“तुमी तिचं नाव तरी काढलं काय कधी?”

बाहेर एक ऑटो थांबून निघून गेला.

“हे पान राहिलं तं दुकान वर येत नाही?” इंदूबाईंनी मला विचारलं.

“नाही.”

“अन् हे गेलं, तं पोरगी कोठी जाईन?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी फोन परत घेतला आणि पालथा ठेवला. “बापाले मंडप भेटावं म्हणून साइट बनवली तिनं,” त्या म्हणाल्या. “मले पायत बसाले नाही.”

अर्धवट ओवलेला हार त्यांनी पुरा केला. स्टुलावर चढल्या. हार फोटोला घातला, दोन्ही बाजू सारख्या केल्या.

“राहू दे आता, बेटा.”

मी ओळी काढल्या. त्या परत आल्या नाहीत.

तुळशीच्या लग्नाआधी साइट पहिल्या पानावर आली. “मंडपावर मंडप भेटून राहिले जी,” भगवंतराव फोनवर म्हणाले. मी इंदूबाईंचं विचारलं. “रोज ताजा हार करते पोरीले,” ते म्हणाले. “बोलत नाही जास्त.”

नंतर मी स्वतः शोधून पाहिलं. दुकानाचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. नावाशेजारी एक छोटा फोटो येतो. तो शोधयंत्र साइटवरून आपणच उचलतं. तो फोटो मी टाकलेला नव्हता. साइटच्या फाइलींत तो कुठेही नाही.

फोटो आतून, थोडा उंचावरून घेतलेला आहे. दोन्ही कडांना काहीतरी केशरी, डोळ्यांच्या फार जवळ असल्यासारखं धूसर. मधोमध इंदूबाईंचा चेहरा, अगदी जवळ, हात वर केलेले.

तो रोज बदलतो. भगवंतरावांना विचारलं. फुलं घ्यायला येणारी माणसं तो फोटो पाहूनच येतात म्हणे. सगळ्यांना दिसतो. फक्त इंदूबाईंच्या फोनवर तिथे पांढरा चौकोन येतो.