दिगंबरचं ताट

त्या संध्याकाळी शेवंतीने दोनच ताटं घेतली आणि गिरिजाबाईंच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

खलाशाच्या घरची रीत अशी, की माणूस दर्यावर असेतो त्याचंही ताट मांडायचं. दिगंबरची बोट तीन महिने बेपत्ता होती. सुनेने ते एकदाही चुकवलं नव्हतं. ताट मांडताना ती म्हणायची,

दर्या रे निळ्या दादा, तुला नारळ वाहते
माझ्या कुंकवाची नाव, तुझ्या हाती मी पाहते

आज ती ओठांत इंग्रजी वाक्यं घोळवत पोटभर जेवली.

गिरिजाबाईंना आधी भलतीच शंका आली. ती जायची त्या इंग्रजीच्या वर्गाला पुरुषही येतात का, असं त्यांनी आडून विचारलं.

"सगळ्या खलाशांच्याच बायका हो आई," शेवंती हसली. "काय पळवून आणणार मी तिथनं, क्रियापदं?"

वर्ग बोटीच्या कंपनीचा होता, आणि फुकट. शंकेने कूस बदलली. घरच्यांच्या आग्रहावरच तर बेपत्ता बोटीचा शोध चालू होता. पण एकेक बायको वर्गाला गेली आणि 'आता पुरे' म्हणून आली. काल शेवंतीही. आग्रह धरणाऱ्या गिरिजाबाई एकट्याच उरल्या होत्या.

त्यांनी शिकवणाऱ्या डॉक्टर नाडकर्णींना गाठलं. बाई मेंदूच्या संशोधक. त्यांनी वर्गात डोक्याला बांधायची कपाळपट्टी दाखवली आणि समजावलं, की मेंदू प्रत्येक आठवणीवर शिक्का मारतो : होऊन गेलं, चाललंय, व्हायचंय. हा काळठसा. मोठेपणी इंग्रजी शिकताना क्रियापदं पाठ होतात, पण या ठशाशी जुळत नाहीत. पट्टी सरावापुरता ठसा लाखेसारखा मऊ करते, मग काळ पक्का बसतो. वाक्यं आपल्या माणसाबद्दल असली तर आणखी लवकर.

"मऊ लाखेवर दाबाल ते उमटणार," गिरिजाबाई म्हणाल्या. "वाक्यं कोण देतं?"

"कंपनी." डॉक्टरबाई अडखळल्या. "सध्या सगळी भूतकाळाची आलीत. नवरा कसा हसायचा, काय खायचा... मला वाटलं, पुढचे काळ नंतर येतील."

"माझ्या लेकाला पुरलंत तुम्ही, बाई. उलटं फिरवा ते."

"फिरवता येईल. भविष्यकाळाचा सराव देऊ. पण तिचं रडणंही परत येईल." त्या हळूच म्हणाल्या, "आजी, ती झोपते ना आता?"

झोपत होती. लेकरासारखी. गिरिजाबाई उठल्या.

घरी त्यांनी स्वतःच तिसरं ताट मांडलं. शेवंतीने त्यांच्याकडे मायेने पाहिलं, आजाऱ्याकडे पाहावं तसं.

"आई, तुम्हीही चला उद्या. कंपनीने आता मराठीचाही वर्ग काढलाय, आयांसाठी. गाडी दारात येते."

जन्मभर मराठी बोललेल्या बाईला मराठी कशाला शिकवतात, हे गिरिजाबाईंना लख्ख कळत होतं. ताटातला भात निवत होता. तीन महिन्यांच्या जागरणाने डोळे चुरचुरत होते.

"किती वाजता येते गाडी?" त्यांनी विचारलं.