मातीची बशी

मंगळवारी शाळा सुटल्यावर शिक्षिका नोरीन मक्गोवर्न गावच्या सभागृहात खेळांची यादी घेऊन बसली. शुक्रवारी हॅलोवीन होता. आयर्लंडच्या लिट्रिम परगण्यातल्या त्या शाळेत यंदा अकराच मुलं उरली होती. त्यांतली एक नोरीनची सात वर्षांची डर्व्हला. बाहेर रिपरिप चालू होती. आत ओल्या कोटांचा आणि रॉकेलच्या हीटरचा वास कोंडला होता.

यादीतला तिसरा खेळ बश्यांचा होता. डोळे बांधलेल्या मुलासमोर तीन बश्या फिरवून मांडायच्या, त्यानं एकीत बोट घालायचं. अंगठी लागली तर लग्न, पाणी लागलं तर परदेश, माती लागली तर वर्षाच्या आत मरण. नोरीनच्या लहानपणी कुणाचं बोट मातीत गेलं की सगळे पोट धरून हसायचे. आताचे पालक तक्रारी करतात. तिनं ‘माती’ खोडून ‘टॉफी’ लिहिलं.

सभागृहाची झाडलोट करणारा म्हातारा पॅकी मागून यादी वाचत होता. “माती का काढलीस?”

“आईबाप माझं डोकं खातील, पॅकी.”

“खाऊ देत. माती मांडायची असते. मांडली की ती बशीत राहते.”

“तुम्ही आधी तो हीटर नीट करा, मग मला शिकवा.”

पॅकी हसला नाही.

बुधवारी दुपारी तिनं खेळाची तालीम घेतली. पहिला फिन्टन. त्याला अंगठी लागली.

“कुणाशी रे लग्न? तुमच्या गाईशी?” ओना ओरडली.

“तुझ्यापेक्षा गाय बरी!”

मुलं खिदळत असतानाच नोरीननं डर्व्हलाचे डोळे बांधले. डर्व्हलानं बोट पुढं केलं, खाली टेकवलं.

“आई, किती गार आहे हे.”

बोटाच्या टोकाला काळी, ओली माती होती.

नोरीननं बश्या पाहिल्या. अंगठी, पाणी, टॉफी. कुठंही मातीचा कण नव्हता.

“हा चावटपणा कुणाचा?”

तिनं डर्व्हलाचं बोट पुसलं, बश्या स्वतः फिरवल्या. पुन्हा माती. तिसऱ्या वेळी तिनं तिन्ही बश्या आवाज न करता उचलल्या आणि खिडकीत ठेवल्या. डर्व्हलाचं बोट नुसत्या टेबलावर टेकलं.

वर आलं तेव्हा ते पेरापर्यंत माखलं होतं.

“मिस, आम्ही घरी जाऊ?” ओना पुटपुटली.

पॅकी दारात उभा होता. नोरीन त्याच्याजवळ गेली. “आता मांडू का माती?”

“आता कशाला?” पॅकी म्हणाला, आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

त्या संध्याकाळी नोरीननं परसातली मूठभर माती खणून आणली. स्वयंपाकघरात तीन बश्या मांडल्या. डर्व्हला वर आंघोळ करत होती.

“माझे डोळे बांध आणि बश्या फिरव,” ती नवऱ्याला म्हणाली.

“हे काय खूळ काढलंयस?”

“कोलम, फिरव. माती मलाच लागली पाहिजे.”

अंगठी लागली. मग पाणी. मग अंगठी. नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी तिनं पट्टी वर सरकवली, डोळ्यांनी बघून मातीत बोट खुपसलं.

बोट ओलं झालं. त्यावरून स्वच्छ पाणी ओघळत होतं.

कोलमनं त्या बोटाकडे पाहिलं. मग त्यानं पट्टी सोडवून आपल्या डोळ्यांवर बांधली.

त्याला अंगठी लागली.

शुक्रवारी बश्या कपाटातून निघाल्याच नाहीत. त्यांच्या जागी नोरीननं दुसरा खेळ घेतला. तुळईला सुतळीनं सफरचंदं टांगायची, हात पाठीशी बांधायचे आणि लोंबतं फळ दातांनी पकडायचं. बोटांचा संबंधच नको. डर्व्हलाचे हात तिनं स्वतः बांधले, दोनदा गाठ मारली.

सफरचंदं झुलली. पोरं उड्या मारू लागली. डर्व्हलानं पहिल्याच झेपेत मोठा लचका तोडला.

“आई, मी जिंकले ना?” ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

“जिंकलीस गं.”

नोरीननं झुलतं सफरचंद हातात धरलं. पांढऱ्याशुभ्र गरात लहान दातांच्या खुणा उमटल्या होत्या. प्रत्येक खुणेत ओली माती होती.

मागं डर्व्हला आनंदानं चावत होती. कचकच, कचकच.