बांधावरचं पान

“पान बांधावर ठेवायचं. भाकरी दुधात कुस्करायची, अगदी मऊ. तांब्या काठोकाठ भरलेला. कावळ्याला हाक घालायची न्हाय. आन् पाठ फिरवली की मागं वळून बघायचं न्हाय. मुक्ताईचं पान हाय ते.”

सासूबाईंचं बोलणं यमुनाबाईंनी त्यांच्याच सुरात म्हणून दाखवलं आणि पदर सावरला.

हडपसरला मोबाईलच्या दुकानावर नम्रता हरपळेचं ऑफिस होतं. पाटी ‘खाजगी तपास’ अशी. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा खरंच सॉफ्टवेअरमध्ये आहे का, अमेरिकेत आधीचं एखादं लग्न लपवलंय का, असलं. हाताखाली एकच माणूस, तोही तिच्या दुप्पट वयाचा. यज्ञेश्वरकाका सरकारी दप्तरखान्यातून निवृत्त झालेले, मोडी घडाघडा वाचायचे. वाचलेल्याचा अर्थ मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी लागायचा.

“ही मुक्ताई कोण आपली?” नम्रताने विचारलं.

“माझ्या सासऱ्यांची आजी. मोठ्या दुष्काळात गेली म्हणतात.”

“म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं झाली,” यज्ञेश्वरकाका म्हणाले. “आरोपी फरार होण्याची भीती नाही, हे एक बरं.”

यमुनाबाई हसल्या नाहीत. “आमचं मांजरी गावातलं रान सोसायटीला गेलं. भिंत उठली, बांध भिंतीच्या आत राहिला. यंदा पान ठेवायचं कुठं, म्हणून गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बाई गेली कशी ते आधी सांगा. सवाष्ण गेली असंल तर अविधवा नवमी बरोबर. जीव दिला असंल, तर चतुर्दशी. घरात विचारावं तर एकाचं बोलणं दुसऱ्याशी जुळत न्हाय.” त्यांचा आवाज आणखी खाली आला. “बेचाळीस वर्षं मी नवमीला पान वाढलं, बाई. ते तिला पोचलं का, एवढंच मला कळू दे. नवमी अकरा दिवसांवर आली.”

नम्रताने वही उघडली. “तुमच्या सासूबाई बोलल्या तसं पुन्हा सांगा. एक शब्द गाळू नका.”

यमुनाबाईंनी पुन्हा सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं.

*

यमुनाबाईंचा मुलगा दिग्विजय गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवूनच भेटला.

“मॅडम, सिंपल केस आहे. पणजोबांच्या आईनं विहिरीत उडी मारली. सगळा गाव बोलतो. आई उगाच टेन्शन घेते.”

“विहीर दाखवाल?”

वॉचमनला सांगून तो त्यांना भिंतीच्या आत घेऊन गेला. विहिरीवर जाळी टाकली होती. आतल्या बाजूला, पायऱ्यांच्या वर एक कोरीव दगड होता. यज्ञेश्वरकाकांनी चष्मा पुसून वाचलं, “शके अठराशे सव्वीस. म्हणजे एकोणीसशे चार.”

“पणजोबांनीच बांधली ही,” दिग्विजय कौतुकाने म्हणाला.

“त्याआधी इथं काय होतं?”

“काहीच नाही. कोरडवाहू रान. पणजोबांनी पाणी काढलं म्हणून तर आमचं नाव झालं.”

नम्रताने त्याचे आभार मानले.

यमुनाबाईंचे दीर उत्तरेश्वर ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी तो बाजूला केला नाही.

“विहीरबिहीर काही न्हाय. पटकीच्या साथीत गेली. सवाष्ण गेली. आमच्या घराण्यात असलं काही होत न्हाय.”

“मग गावात का बोलतात?”

“गावाला दुसरं काय काम हाय?” मग पेपराचं पान उलटून तेच म्हणाले, “आमच्या आजीसमोर मुक्ताईचं नाव काढलं तर ती उठून चुलीपुढं जाऊन बसायची. मुक्ताई तिची सासू ना. पान ठेवायचं तिनंच सुरू केलं.”

जुन्या कागदांची ट्रंक त्यांनी नाखुशीनेच उघडली. बांधाच्या एका जुन्या तंट्यातल्या जबानीचं शेवटचं पान यज्ञेश्वरकाकांच्या हाती लागलं. त्यांनी वाचलं, “‘मुक्ता कोम दशरथ. निशाणी नांगर. साक्ष कचरू वल्द भैरू महार. सन अठराशे एक्क्याण्णव.’ कोम म्हणजे बायको. दशरथची बायको मुक्ता.”

“तीच ती,” उत्तरेश्वर म्हणाले. “पण एक्क्याण्णव साली कुठली? दुष्काळ सत्त्याहत्तरचा.”

“कागद खोटा आहे!” काका खुशीत आले. “निरक्षर बाईची निशाणी बांगडी असते. नांगर काढतो तो पुरुष. कुणीतरी तोतया उभा केलाय.”

“हा कचरू कोण?” नम्रताने विचारलं.

उत्तरेश्वरांनी पेपर पुन्हा समोर धरला. “त्यांची माणसं गेली शहरात. नात की पणती, शालन नावाची, नर्स होती. बिबवेवाडीत राहते म्हणतात. आमचं जाणंयेणं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी काकांनी जुन्या ओळखीवर गावच्या मृत्यूंचं बुक काढून घेतलं. श्रावण, सन १८७७. पान भरलेलं होतं. ओळीओळीला ‘पटकी’, ‘पटकी’, ‘भूक’, ‘पटकी’. मधेच एक ओळ होती, ‘मुक्ता कोम दशरथ, वय २४, मयत.’ पुढचा कारणाचा रकाना कोरा. तिच्या चार ओळी वर, आठ दिवस आधीच्या तारखेला, तिचा दीर गेलेला. कारण पटकी.

“कारकून लिहायचा विसरला,” काका म्हणाले.

“अख्ख्या पानावर एकाच बाईचं?” नम्रता म्हणाली.

*

बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर शालनबाईंचं घर होतं. सत्तरीच्या बाई, ताठ, पांढरी सुती साडी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. मांजरीचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा आजीनं घरातले सगळे देव नदीत सोडले. हसत सोडले. पण नांगरआजीची गोष्ट सांगताना रडायची.”

“नांगरआजी?”

“आमच्या घरी राहायची एक म्हातारी. नात्यातली नव्हे. माझ्या आजीला सून म्हणून आल्यावर पहिली भाकरी तिनंच शिकवली. मानमोडीच्या साथीत गेली, एकोणीसशे अठरात. तेव्हा तोंडात एक दात नव्हता, म्हणायची आजी.”

“नांगरआजी का म्हणायचे?”

“ते मला माहीत आहे,” शालनबाई म्हणाल्या. “पण तिनं आमच्या माणसांकडून शब्द घेतला होता. तिच्या घरचे विचारतील तरच सांगायचं. तुम्ही तिच्या घरच्या नाही.”

नम्रताने मान डोलावली. “मग एवढंच सांगा. ती कधी मांजरीला जायची?”

“भादव्यात एकदा. त्या दिवशी सकाळपासून तोंडात पाणी घ्यायची नाही. दुपारी रानाकडं एकटी जायची. परत आली की हात धुवायची नाही. संध्याकाळपर्यंत हाताचा वास घेत बसायची.”

जिना उतरताना यज्ञेश्वरकाका पुटपुटले, “वेडसर असावी.”

नम्रताने रिक्षात बसल्या बसल्या वही उघडली आणि यमुनाबाईंनी सांगितलेलं पुन्हा वाचलं.

*

नवमीला तीन दिवस उरले होते. यमुनाबाईंच्या घरी सगळे जमले. नम्रताने शालनबाईंनाही बोलावलं होतं. उत्तरेश्वर त्यांच्याकडे बघत नव्हते.

“मुक्ताई विहिरीत गेली नाही,” नम्रताने सुरुवात केली. “ती मेली म्हणतात त्यानंतर सत्तावीस वर्षांनी विहीर झाली. आणि ती तिच्याच मुलानं बांधली.”

दिग्विजयने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली.

“पटकीनंही गेली नाही. तशी गेली असती तर कारकुनानं लिहिलं असतं. त्या पानावर पटकी आणि भूक याशिवाय तो दुसरं काही लिहितच नव्हता. त्यानं रकाना कोरा सोडला, कारण घरच्यांनी नुसतं सांगितलं, आमची सून मेली म्हणून लिही. प्रेत त्यानं पाहिलंच नव्हतं.”

“म्हणजे खून?” काका कुजबुजले.

“नाही, काका. चौदा वर्षांनी तीच जबानी देते. तुम्ही कागद खोटा म्हणालात, कारण बाईनं बांगडी काढायची असते. पण तोतया उभा करणारा एवढी चूक करील? तो आठवणीनं बांगडीच काढील. कारकून विचारतो, निशाणी काय? माणूस ज्या कामाचा, त्याची खूण सांगतो. ती म्हणाली, नांगर.”

उत्तरेश्वरांनी मान वर केली.

“घरात नांगर धरणारा दीर श्रावणात गेला. त्यानंतर आठ दिवसांनी मुक्ताईचं नाव मयतांत लागलं. मधल्या आठ दिवसांत रानात कोण गेलं असेल? बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस जातो, अशी तेव्हा लोकांची समजूत.” नम्रता शालनबाईंकडे वळली. “यमुनाबाई तिच्या घरच्या आहेत. त्या विचारतील.”

यमुनाबाईंचे ओठ हलले. “सांगा, ताई.”

“नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला दूर गेलेला,” शालनबाई म्हणाल्या. “घरात तीन वर्षांचं पोर आणि थकलेला सासरा. एक सर पडून गेली, वाफसा आला, रान नांगरण्याजोगं झालं. तिनं दोन दिवस नांगर हाकला. मग पाऊस गेला तो आलाच नाही. पंचांनी सासऱ्याला सांगितलं, तिला बाहेर काढ, नाहीतर सगळं घर वाळीत. त्यानं तिच्या नावानं मडकं फोडलं, जिवंतपणी. ती आमच्या भैरूआजोबांच्या दारात येऊन बसली. तिथून तिला स्वतःचं घर दिसायचं. एक्केचाळीस वर्षं दिसत होतं.”

“माझा विश्वास न्हाय,” उत्तरेश्वर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

“तुमच्या आजीचा होता,” नम्रता हळूच म्हणाली. “सासूला घरात आणता येत नव्हतं. तिच्याशी बोललं तरी दंड. पण मेलेल्या सवाष्णीचं पान नवमीला वाढलं, तर कोण काय म्हणणार? श्राद्धाचं पान, आणि कावळ्याला हाक मारायची नाही? कावळा आला असता तर तिच्यासाठी उरलं काय असतं? चोविसाव्या वर्षी मेलेल्या बाईला भाकरी कुस्करून कशाला? प्यायला तांब्याभर पाणी. आणि मागं वळून बघायचं नाही, म्हणजे कुणी विचारलंच तर सुनेला देवाशपथ सांगता यावं, मी कुणाला पाहिलं नाही.”

यज्ञेश्वरकाकांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून तसाच हातात धरून बसले.

यमुनाबाई शालनबाईंकडे वळल्या. त्यांनी विचारलं, “ती गेली ती तिथी कुठली?”

“साथ होती. दिवसाला दहा-दहा माणसं जायची. तिथी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. माळावर पुरली, आता तिथं पार्किंग आहे.”

“मग माझं बेचाळीस वर्षांचं पान...”

“तुमच्या आजेसासूबाईंचं पान तिला पोचत होतं, यमुनाबाई,” नम्रता म्हणाली. “ते श्राद्ध नव्हतंच. ते जेवण होतं. एकोणीसशे अठरानंतर जेवणारं माणूस राहिलं नाही. ते तुमच्या सासूबाईंना कुणी सांगितलं नाही, त्यांनी तुम्हांला सांगितलं नाही. त्यात तुमचं काही चुकलं नाही.”

यमुनाबाईंनी पदराने डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले.

“आमच्यात श्राद्ध नसतं,” शालनबाई उठता उठता म्हणाल्या. “पण नवमीला दुपारी माझ्याकडं जेवायला या. तिच्या घरचं कुणी आमच्या घरात कधी जेवलं नाही.”

“वहिनींचं परान्न बंद हाय,” उत्तरेश्वर घाईने म्हणाले. “तीस वर्षं दुसऱ्याच्या घरचं शिजवलेलं त्यांनी खाल्लं न्हाय. नेम हाय त्यांचा.”

“नेम माझा हाय, भावजी,” यमुनाबाई म्हणाल्या. “देवापुढं काय बोलायचं ते मी बोलीन.” आणि शालनबाईंना, “येते, ताई. नक्की येते.”

*

नवमीला यमुनाबाई पहाटे उठल्या. अंघोळ, पूजा, जप, रोजचं सगळं रोजच्यासारखं झालं. देवापुढे मात्र त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही.

दिग्विजय गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. “आई, मी सोडतो ना. दोन बस बदलाव्या लागतील.”

“तू कामाला जा, बाळा. मला कळतात बसचे नंबर.”

“निदान मिठाई तरी ने.”

“नको म्हणाल्या त्या. नुसतं जेवायला या म्हणाल्या.”

त्यांनी चपला घातल्या. उत्तरेश्वर ओट्यावर बसले होते. यमुनाबाई समोरून गेल्या तेव्हा त्यांनी पाय आखडते घेऊन वाट दिली आणि कधी नव्हे तो विचारलं, “उशीर होईल का, वहिनी?”

“जेवणं व्हायला लागंल तेवढा,” त्या म्हणाल्या, आणि स्टॉपकडे निघाल्या.