दोन बोटं चढलेली कड

गोणी एकच होती आणि तिचे दोन कान दोघांनी धरले होते.

घाटकोपरच्या एका सोसायटीबाहेर कुणाच्या तरी बाथरूमचं डेब्रिज पडलं होतं. लॅबमधून घरी निघालेल्या दीप्तीला त्यातल्या एका गोणीत निळ्या टाइल्सचे तुकडे दिसले, ती धावली... आणि पलीकडून एक उंच, चष्मेवाला मुलगाही धावला.

"ओ हॅलो, ही माझीय."

"नाव लिहिलंय?"

"लिहिते ना. पेन दे!"

तो हसला, पण गोणी काही सोडेना. नाव सम्यक, मुलुंडच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. शाळेच्या भिंतीवर त्याला म्हणे मासा करायचा होता.

"मासा पांढराही चालतो," दीप्ती म्हणाली. "माझ्या ओट्याला निळंच पाहिजे."

"ओट्याला?"

झालं! मग ती सांगतच सुटली. तिचे वडील नाना म्हणजे चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. पवईच्या टॉवरांत लोकांच्या पायाखाली गुळगुळीत लाद्या बसवल्या त्यांनी, आणि डोंगरावरच्या स्वतःच्या घराच्या दारापुढचा ओटा मात्र फुटकाच राहिला. आता त्यांचा उजवा हात थरथरतो. पंधरा दिवस ते कराडला आत्याकडे गेले होते. रविवारी परत येतील तेव्हा ओटा तयार हवा, लेकीच्या हातचा, आणि नानांच्या नजरेत पास होणारा. गवंडी लावायला पैसे नव्हते हे खरं, पण असते तरी तिनं लावला नसता. एवढा तोरा बाईसाहेबांचा!

सम्यकनं गोणीचा कान सोडला. "घे. पण ओटा बघायला मी येणार."

"ये की. हात मात्र लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खरंच आला. मग रोजच यायला लागला. तुकडे निवडायचे आणि मागेल तो हातात द्यायचा, एवढीच त्याला परवानगी. तुकडा देताना बोटाला बोट लागायचं... दोघंही भलतीकडेच बघायचे. समोरच्या सोनूबाई दारात लसूण सोलत सगळं टिपत होत्या.

"रोज टाइल्सच बघायला येतो होय गं हा?"

"हो काकू, चांगल्या टाइल्स आहेत ना," सम्यक म्हणाला, आणि दीप्तीच्या कानशिलापर्यंत लाली चढली.

शुक्रवारी शेवटची ओळ आली. डोकं वाकडं करून सम्यक बराच वेळ बघत राहिला.

"दीप्ती... पुढची कड जरा चढलीय का गं?"

"मुद्दाम चढवलीय. दोन बोटं. गल्लीतून बघणाऱ्याला रुबाबदार दिसली पाहिजे. तू मासे काढ, गवंड्याची लेक मी आहे."

त्यानं पुढचा तुकडा तिच्या हातात दिला.

शनिवारी दुपारी सम्यकच्या समोरच तिनं ओटा धुवायला अर्धी बादली पाणी ओतलं. निळं-पांढरं काय झकास चमकलं म्हणता! क्षणभर तिची छाती अभिमानानं फुगली. आणि पाणी वळलं. गल्लीकडे जायचं सोडून सरळ उंबऱ्यावरून घरात शिरलं, पार नानांच्या कॉटखाली.

"वाट लागली," ती पुटपुटली. कड चढवून ओट्याचा ढाळच, म्हणजे उतारच, तिनं घराकडे दिला होता. गवंड्याच्या लेकीनं! ती ओल्या ओट्यावरच बसली.

सम्यक तिच्याशेजारी उकिडवा बसला. 'चालतंय गं' म्हणाला असता तर तिनं त्याला तिथूनच हाकललं असतं. पण तो म्हणाला, "दिसायला लई भारी आहे. ठेवायचा की फोडायचा, तू ठरव. तू सांगशील ते मी करतो."

तिनं नाक पुसलं आणि छिन्नी त्याच्या हातात दिली. "फोड. पुढच्या चार ओळी. तुकडे जपून काढ."

तासाभरात निम्मा ओटा उखडला. दोघंही नखशिखांत पांढरी झाली होती, आणि नेमके तेव्हाच नाना पिशवी घेऊन गल्लीत उभे! भाच्याची गाडी मुंबईला निघाली होती म्हणून एक दिवस आधीच आले होते.

सोनूबाईंचं लसूण सोलणं थांबलं.

"नाना... तुमच्यासाठी करत होते," दीप्ती कशीबशी म्हणाली. "चुकलं. ढाळ घराकडे गेला."

नाना वाकले. उरलेल्या तुकड्यांवरून त्यांनी थरथरता तळहात फिरवला, सांधे बघितले.

"कळलं कसं?"

"पाणी ओतून बघितलं."

"आणि फोडायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच ठरवलं."

नाना सोनूबाईंकडे वळले. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "चाळीस वर्षांत कितीक गवंड्यांवर ओरडलो मी, चुकलंय, फोडा म्हणून. आपणहून फोडणारा एक भेटला नाही. ही माझी लेक आहे!"

दीप्तीचे डोळे भरून आले, पण मान ताठच राहिली. इतका अभिमान तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

"आणि हे कोण?" नानांनी विचारलं.

सम्यकनं उठून नमस्काराला हात जोडले, तर हातात छिन्नी तशीच. "मी... ते... टाइल्सचं—"

"नाना, हा सम्यक," दीप्ती म्हणाली. तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. "मला आवडतो."

छिन्नी ठण्णकन खाली पडली. नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं, पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि विटेवर बैठक मारली.

"आवडतो तर उभा का? माल कालव म्हणावं. मी ढाळाची दोरी धरतो."

सम्यक घमेल्याशी वाकला. सिमेंटमध्ये पाणी ओतता ओतता कुजबुजला, "मला आधी सांगायचंस ना! मलापण तू... म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"माहितेय," दीप्ती म्हणाली. "पाणी आवर, माल पातळ होतोय."