दोनदा हाव

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, चहा पिण्याआधी कपाचं बूड तपासणारा नवरा तिने दुसरा पाहिला नाही. म्हणू दे. सडक अर्जुनीजवळ हायवेला लागून आमची शेड आहे. राइस मिलच्या, धान उकडायच्या मोठ्या टाक्या तिथे येतात. माणूस आत शिरतो आणि हवेच्या जोराने बारीक दाणे मारून गंज काढतो. तिथली सुरक्षा माझ्याकडे. अशा कामावर संशय घ्यायचा नाही तर कुठे घ्यायचा?

माझे नियम दोनच. एक, नदीची रेती चालणार नाही. तिची पांढरी धूळ छातीत बसली की निघत नाही. तांब्याच्या भट्टीतला काळा दाणाच वापरायचा. दुसरा, आतल्या माणसाने बाहेरून हवा येणारा टोप घालायचा आणि कमरेला दोर बांधायचा. दर पाच मिनिटांनी मी टाकीच्या तोंडाशी दोर एकदा ओढतो, तो आतून एकदा ओढतो. आमच्याकडे होकाराला हाव म्हणतात, म्हणून शेडमध्ये त्या ओढीचंही नाव हाव पडलं.

पूर्वी यातलं काहीच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी दुधराम याच शेडमध्ये तोंडाला गमचा बांधून रेती मारायचा. मी विचारायचो, "बरा आहेस ना रे?" बरा असला की तो एकदाच हाव म्हणायचा. दम लागला असला की म्हणायचा, "हाव, हाव." मला ते कळायचं, तरी मी त्याला आत पाठवायचो. दवाखान्यात शेवटच्या दिवशी विचारलं, तेव्हाही तो दोनदाच म्हणाला. त्याची लाज मला अजून वाटते.

या एप्रिलमध्ये लखन कामावर आला. माझ्या धाकट्या बहिणीचा, दुर्गाचा नवरा. मीच लावून दिलं होतं. दुर्गा फोनवर एवढंच बोलली, "भाऊ, त्यायले तुह्या भरोशावर पाठवून राहिली मी."

तिसऱ्या दिवशी लखन टाकीतून निघाला तेव्हा त्याचा टोप पांढरा झाला होता. काळ्या दाण्याची धूळ पांढरी कशी असेल? मी आत बॅटरी मारली. बुडाशी मूठभर रेती होती, नदीची.

दाणा भरायचं काम धनसिंगचं. मी त्यालाच धरलं.

"ही रेती कुठून आली?"

"मी नाही टाकलो, भाऊ. माह्यावर काऊन शक करून राहिले?"

मी पोत्यांच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. दुसऱ्या दिवशी टाकीत ओंजळभर रेती निघाली.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट खटकली. मी दोर एकदा ओढला की आतून दोनदा उत्तर येत होतं.

"जवाई, तुम्ही हाव दोनदा काऊन देता?"

"मी तं एकच देतो, भाऊ." लखन धनसिंगकडे बघून हसला. दोघं मिळून माझी फिरकी घेत आहेत, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी दाणा मी स्वतः भरला. धनसिंगला हात लावू दिला नाही. दुपारी साडेबाराच्या सुमारास टाकीतला आवाज थांबला. हातातली कळ सोडली की मारा आपोआप बंद होतो. लखन हात मोकळे करत असेल. मी दोर ओढला.

हाव. जरा थांबून, पुन्हा हाव.

"बरे आहेत जवाई," धनसिंग म्हणाला. "हाव देऊन राहिले ना."

बरा असला की एकदाच.

दुसरा टोप चढवून मी आत शिरलो.

लखन चार हात अंतरावर पालथा पडला होता. त्याच्या टोपाची हवेची नळी निसटली होती.

कमरेला दोर नव्हता.

दोर त्याच्या अंगावरून पुढे गेला होता, टाकीच्या अंधाऱ्या टोकाला. ताणलेला होता.

मी तिकडे बॅटरी मारली नाही. लखनला काखेत धरून ओढत आणलं, धनसिंगने बाहेरून घेतलं. उन्हात आल्यावर तो खोकला, आणि मी ढसाढसा रडलो. दुर्गाला काय तोंड दाखवलं असतं?

अँब्युलन्स आली. धनसिंग त्याच्याबरोबर गेला.

मग मी एकट्याने दोर बाहेर ओढला. तो मुकाट्याने आला. टोकाला एक जुना गमचा बांधलेला होता, त्याच्या घड्यांत पांढरी रेती. मी तो झटकून उलगडला. दोन्ही पदर कोरडे होते. मधला, तोंडावर येतो तेवढाच भाग ओला होता.

आणि कोमट.